हजेरीचे बिल्ले

खंडेनवमीच्या सकाळी आजी पडवीत पाट मांडायची. पाटावर कोयती, विळा, पहार, कुदळ, तात्यांचं पागायचं जाळं, काकांची करवत. आणि सगळ्यांच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, चार पदकं. एरवी ती बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायची. आदल्या दिवशी आजी ती काढून घासायला बसे. दोन पितळी रंगाचे तारे चिंचेच्या कोळानं, दोन रुपेरी चकत्या चुलीतल्या राखेनं. देवाच्या समया घासताना ती जशी ओठ घट्ट मिटून बसायची, तशीच हेही घासताना बसायची. मग हळदकुंकू, अक्षता, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल.

तात्या म्हणजे माझे आजोबा. ते तिथेच बाकावर बसून हे सगळं बघत असायचे, पण पदकांना स्वतः कधी हात लावत नसत. मी सहा-सात वर्षांची असताना विचारलं होतं, "तात्या, ही तुम्ही लढाईत जिंकलात?"

"जिकली नाय गो बाय," ते म्हणाले. "हजेरीचे बिल्ले हायत ते. जो जो हजर हुता त्याला त्याला गावले."

त्या वयात मला हजेरी म्हणजे शाळेतली ठाऊक होती. बाई नाव घेतात, आपण 'हजर' म्हणतो, संपलं. पदकांची किंमत माझ्या मनात त्या दिवशी एकदम उतरली, आणि तात्यांनी ती उतरवली म्हणून कुणी दुसऱ्यानं चढवायचा प्रश्नच नव्हता. पुढे तात्या गेले, आजी गेली, आणि डबा माझ्याकडे डोंबिवलीला आला. तोवर मी पन्नाशीला आले होते.

एका दुपारी भिंग घेऊन बसले. ताऱ्याच्या मागच्या बाजूला अक्षरं ठोकलेली आहेत, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. चिंचेच्या कोळाखाली आणि झेंडूखाली ती नेहमी पालथी पडलेली असायची. इंग्रजांनी आपल्या स्वतःच्या शिपायांना हे तारे कोरे दिले, नावाशिवाय. हिंदुस्थानी शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र नावं ठोकली गेली. तात्यांच्या ताऱ्यामागे आधी नंबर, मग आमचं आडनाव, कुणा कारकुनाला जसं ऐकू आलं तसं, मधे एक अक्षर जास्त घालून. मग हुद्दा, एबल सीमन. आणि शेवटी तीन अक्षरं : आर. आय. एन. रॉयल इंडियन नेव्ही.

पदक हा एक दाखला असतो, हे मला तेव्हापासून हळूहळू कळत गेलं. प्रत्येकाला नियम असतो, आणि तो नियम माहीत झाला की ते पदक ज्या माणसाला मिळालं तो कुठे होता, किती दिवस होता, हे त्यावरून वाचता येतं. पहिला तारा १९३९-४५ स्टार. सहा टोकांचा, मधे राजाची मुद्रा, फितीवर गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे : नौदल, भूदल, हवाईदल. तो मिळायला नौसैनिकाला युद्धक्षेत्राच्या पाण्यावर सहा महिने काढावे लागत. बंदरातले, बराकीतले दिवस त्यात धरत नसत. दुसरा बर्मा स्टार. मधे तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधोमध नारिंगी रेघ. पहिल्या ताऱ्याचे सहा महिने पुरे झाल्यावर बर्म्याच्या पाण्यात गेलेल्या नौसैनिकाला तो मिळे. तिसरं वॉर मेडल, रुपेरी, मागे दुतोंडी ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह. ते २८ दिवस नोकरी झालेल्या प्रत्येकाचं. चौथं वेगळं आहे, त्याच्याकडे मागाहून येते.

म्हणजे तात्या ज्याला हजेरी म्हणत होते ती ही. सहा महिने उघड्या समुद्रावर, पाणबुड्यांच्या टप्प्यात, आणि त्यानंतर बर्मा.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला बर्मा तसा परका नव्हता. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेचं राज्य घेतलं आणि थिबा राजाला कुटुंबकबिल्यासकट आणून रत्नागिरीला ठेवलं. तीस वर्षं तो समुद्राकडे बघत राहिला आणि १९१६ साली तिथेच वारला. त्याच्यासाठी जो वाडा बांधला त्याचे चिरे वाहायला माझे खापरपणजोबा गेले होते, असं घरात सांगत. आणि दुसरं नातं पोटाचं. खाडीकाठच्या कातळावर पिकणारं भात सहा महिने पुरलं तर नशीब. पुढे रंगूनचा तांदूळ. जाडा, थोडा उग्र वासाचा, बोटीनं मुंबईला आणि तिथून दाभोळच्या बंदरात येणारा. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ एकाएकी थांबला.

तात्या अठरा वर्षांचे होते. आरमारात का गेलात असं त्यांना कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : "तांदूल थांबला म्हनून." राजासाठी नव्हे, हिटलरविरुद्ध नव्हे, देशासाठीसुद्धा नव्हे. मला हे उत्तर लहानपणी फार साधं वाटायचं. आता वाटतं, इतकं खरं उत्तर फार थोड्या शिपायांनी दिलं असेल.

ते एकटे गेले नाहीत. खाडीच्या पलीकडच्या काठावरचा एक मुसलमान मुलगा त्यांच्याबरोबर गेला. तात्या त्याला नावानं हाक मारत असतील, पण घरात बोलताना नेहमी 'पल्याडचा' म्हणायचे, आणि मीही तसंच म्हणते. दोघं एकाच तरीतून वर्षानुवर्षं मासे पागायला जायचे. एकाच दिवशी दोघांची भरती झाली, एकाच रांगेत मागे-पुढे उभे होते, म्हणून दोघांचे नंबर लागोपाठचे. तात्यांचा नंबर माझ्यासमोर ताऱ्यावर आहे. त्याच्या पुढचा पल्याडच्याचा.

आरमार आणि आमचा किनारा यांचं नातं जुनंच होतं. इंग्रजांच्या मुंबईच्या आरमारात रत्नागिरीच्या खाड्यांवरची माणसं, त्यातही दर्यावर्दी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या जात आली होती. पण १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही म्हणजे जेमतेम आठ लढाऊ जहाजं आणि दोनेक हजार माणसं. युद्ध संपेपर्यंत शंभराहून जास्त जहाजं आणि तीस हजारांच्या आसपास माणसं झाली. या आकड्यांत कोकणातली किती घरं रिकामी झाली, ते कुठल्याही ताऱ्यावर ठोकलेलं नाही.

तात्या शेवटी ज्या जहाजावर होते त्याचं नाव नर्बदा. तात्या 'नर्मदा'च म्हणायचे, आणि खरं तर नदीचंच नाव ते, इंग्रजी तोंडातून वाकडं झालेलं. इंग्लंडात बांधलेलं, १९४३ मध्ये आरमारात आलेलं, चार इंची सहा तोफांचं. आरमारी भाषेत 'स्लूप'. तात्या तोफेवर होते. म्हणजे तोफ डागणारे नव्हेत. खालून वर आलेला गोळा उचलून तोफेपर्यंत पोचवणारे. गोळा आणि त्यामागचं पितळी काडतूस एकत्रच असे, वजन तीस किलोच्या घरात. "पाऊन मनाचा," तात्या सांगायचे, आणि सांगताना दोन्ही हात पोटाशी असे धरायचे, जणू झोपलेलं मूल उचललंय. जहाज डुलतंय, खालचं लोखंड पाण्यानं आणि तेलानं निसरडं झालंय, आणि पाऊण मणाचा तो गोळा हातातून सुटता कामा नये. एकामागून एक. तोफ थांबेपर्यंत.

त्यांचा डावा कान त्यात गेला. आम्ही नातवंडं जन्मापासून त्यांच्या उजव्या बाजूनं बोलायला शिकलो होतो. ते घरातलं वळणच होतं, जसं देवघरात चपला न नेण्याचं. डाव्या बाजूनं कितीही हाका मारा, तात्या खाडीकडे बघत राहायचे. कानाचं कधी कुणी काही दिलं नाही. कुणी काही द्यायचं असतं, हे आमच्याही घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१९४५ च्या जानेवारीत नर्बदा आराकानच्या किनाऱ्यावर होती. बर्म्याचा पश्चिम किनारा, आजच्या बांगलादेशाच्या खाली. ३ जानेवारीला अक्याब बेटावर फौज उतरली तेव्हा जपानी आधीच निघून गेले होते. याच अक्याबजवळ १९४२ च्या एप्रिलमध्ये आपल्याच आरमाराचं इंडस नावाचं जहाज जपानी विमानांनी बुडवलं होतं. अक्याबनंतर जमिनीचा तो चमत्कारिक पट्टा सुरू होतो. समुद्र आत आत घुसलेला, शेकडो खाड्या, त्यांना तिथे 'चौंग' म्हणतात. दोन्ही काठांना तिवरांचं दाट बन, मधे ना धड जमीन ना धड पाणी. रस्ते नाहीतच. जे काही हलायचं ते भरतीवर हलायचं.

सैन्याच्या इतिहासात या मुलखाचं वर्णन करताना लेखक हैराण झालेले दिसतात. चिखल, डास, खारं पाणी, तिवरांची मुळं, लढायला सर्वांत वाईट जागा. तात्यांचं वर्णन वेगळं होतं. "आपल्या खाडीसारकीच खाडी," ते म्हणायचे. "तिवार तीच. खेकडं तीच. सकालच्या पारी चिखलाचा वास यायचा तो पन तोच." हे बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. दोन हजार मैल लांब, डोक्यावर लोखंडी टोपी घालून हा माणूस उभा आहे आणि त्याला घराचा वास येतोय. दाभोळच्या खाडीत जन्मलेल्या माणसाला त्या पाण्यावर काय वाटलं असेल, हे मला कुठल्याच इतिहासात सापडलं नाही, आणि मला तर तेवढंच हवं होतं.

लहानपणी ओहोटीच्या वेळी आम्ही खाडीत उतरायला निघालो की तात्या बाकावरून ओरडायचे, "सुकतीला उतरू नका रे! गोऱ्यांची पल्टन फसलीवती!" आम्हाला वाटायचं, मुलांना भीती घालायला रचलेली गोष्ट. बागुलबुवासारखी गोऱ्यांची पल्टन. ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मी मायेबॉनच्या लढाईबद्दल वाचलं. १२ जानेवारी १९४५. नर्बदा आणि तिच्यासारखीच जमना यांच्या तोफांच्या आडोशानं ब्रिटिश कमांडो मायेबॉनच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. पहिल्या तुकड्या भरतीवर गेल्या. पुढच्या तुकड्यांपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं, आणि माणसं कमरेइतक्या चिखलात रुतली. एकेक पाऊल उपसून काढत, हत्यारं डोक्यावर धरून, तासन्‌तास.

मी ते वाचताना थांबले आणि तोंडानं म्हणाले, सुकतीला उतरवलं त्यांना.

जहाजाच्या लोखंडावरून हे सगळं बघणारा एक एबल सीमन होता, ज्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं की सुकतीच्या खाडीत पाय टाकायचा नसतो. त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कोण. त्याचं काम गोळे द्यायचं. त्यानं ते दिलं, आणि मनात ठेवलेली गोष्ट तीस वर्षांनी आम्हा नातवंडांना ओरडून सांगितली. आम्हाला ती कळली नाही. तात्यांकडून मला मिळालेली युद्धाची सगळ्यांत पक्की बातमी ही होती, आणि ती मी कानांवरून जाऊ दिली. याची रुखरुख आहे.

दहा दिवसांनी कांगॉ. मायेबॉनहून आणखी आत, चौंगांच्या जाळ्यात. जपानी सैन्याची माघारीची वाट तिथून जात होती, म्हणून ती सोडायला ते तयार नव्हते. उतरण्याच्या जागेवर जपानी तोफांचा मारा चालू होता आणि इकडून जहाजांच्या तोफा डोंगरांवर. तात्या या दिवसांबद्दल जवळजवळ बोलत नसत. एकदाच, मी कॉलेजात असताना, खोदून विचारलं की तुमचे गोळे पडायचे तिथे काय व्हायचं, तेव्हा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "धूर दिसायचा. मानूस दिसायचा नाय." आणि उठून विहिरीवर गेले.

याच कांगॉच्या डोंगरांवर, नर्बदाच्या तोफा ज्यांच्यासाठी चालत होत्या त्यांत, ५१ वी हिंदुस्थानी ब्रिगेड होती. तिच्या तिन्ही पलटणींचे मुख्य हिंदुस्थानी होते, त्या काळात ही मोठीच गोष्ट. थिमय्या, सेन आणि आपले शंकरराव थोरात. पुढे तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. थोरात आणि थिमय्या स्वतंत्र भारताच्या सैन्यात फार वर गेले. त्याच सुमाराला इटलीत मराठा पलटणीच्या माणगावकडच्या यशवंत घाडगे यांना आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले होते, घाडग्यांना मरणोत्तर. ही पराक्रमाची पदकं. एका माणसानं, एका दिवशी, एका जागी जे केलं त्याची. त्यांच्यापुढे मी मान लववते.

पण मला आता त्या दुसऱ्या पदकांबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्यामागे कुठलाच एक दिवस नाही. तारा मिळालेल्या माणसाचं कुणी टिपण लिहीत नाही. अमक्यानं जीव धोक्यात घालून, असं वाक्य त्याच्या वाट्याला येत नाही. तो फक्त होता. तोफ तापली तेव्हा होता, रात्री पहाऱ्याला होता, बुडणाऱ्या जहाजाची बातमी आली तेव्हा होता आणि दुसऱ्या दिवशी परत होता. रात्री झोपताना ठाऊक असे की खालच्या पाण्यात पाणबुडी असू शकते, आणि तरी झोप यायची, कारण सकाळी गोळे उचलायचे असत. तात्यांनी पदकं नाकारली नाहीत की मिरवली नाहीत. त्यांनी त्यांना जे नाव दिलं ते मला लहानपणी कमी वाटलं, हा त्यांचा दोष नव्हता.

ती फक्त एकदा त्यांच्या छातीवर लागली. ऐंशीच्या दशकातला एक पंधरा ऑगस्ट. जवळच्या गावात झेंडावंदनानंतर जुन्या सैनिकांचा आणि स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार होता. बोलावणं सगळ्या माजी सैनिकांना, असं कुणीतरी सांगितलं म्हणून आजीनं हौसेनं सेफ्टीपिनांनी चारी पदकं सदऱ्याला लावली आणि तात्यांना पाठवलं. मी बरोबर गेले होते. स्वातंत्र्यसैनिकांची रांग वेगळी, पासष्ट-एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानांची वेगळी. तात्या कुठे बसणार, याचा विचार कुणी केला नव्हता. कार्यक्रम लावणाऱ्यांपैकी एकानं पदकांवरचा राजाचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "आजोबा, ही तर इंग्रजांची. तुमचं यादीत कशात बसत नाही." वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही, गडबडीत होता. तात्या मागच्या बाकावर मुलांमध्ये बसले, राष्ट्रगीताला उठून उभे राहिले, आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत त्यांनी पदकं काढून खिशात घातली. आजीला म्हणाले, "चांगला झाला कार्यक्रम."

आमच्याकडच्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे, या गावातून इतके लोक गेले, त्यांतले इतके आले नाहीत, अशी. दुसऱ्या महायुद्धाची अशी पाटी क्वचित दिसते. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात एक नोंदवही आहे, समुद्रातच ज्यांचा शेवट झाला त्या माणसांची : रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेच्या आसपास आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार. तशीच दुसरी वही चितगावला आहे. तात्या परत आले, म्हणून त्यांचं नाव तिथेही नाही.

पंधरा ऑगस्टच्या सत्काराची यादी करणाऱ्याला जे माहीत नव्हतं, आणि तेव्हा मलाही माहीत नव्हतं, ते सांगते.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवणावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिवराळपणावरून संप केला. दोन दिवसांत तो बंदरातल्या जहाजांवर आणि ठाण्यापासून कराचीपर्यंतच्या तळांवर पसरला : ७८ जहाजं, २० तळ, २० हजार माणसं. जहाजांवरची इंग्रजी निशाणं उतरली. काँग्रेसचे, लीगचे आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकाच डोलकाठीवर चढले. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला, कराचीत हिंदुस्थान जहाजावर झाला. दुसऱ्या दिवशी गिरण्या, गोद्या, रेल्वे बंद पडली आणि त्या दोन-तीन दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून जास्त माणसं गोळ्यांनी मेली. २३ तारखेला, सरदार पटेलांनी शब्द दिल्यावर, काळे झेंडे वर चढवून संप मागे घेतला गेला. नंतर शेकडो खलाशांना घरी पाठवलं. दिलेले शब्द पाळले गेले नाहीत, हे मला स्वच्छ म्हणायचं आहे.

नर्बदा त्या दिवसांत मुंबईच्या बंदरात होती, आणि संपात होती. वर्षभरापूर्वी आराकानच्या डोंगरांवर चाललेल्या त्याच तोफा. तात्या आणि पल्याडचा, दोघं जहाजावर.

यातलं तात्यांनी मला एवढंच सांगितलं. इंग्रजांनी जहाजांचं अन्नपाणी तोडलं तेव्हा गेटवेवर लोक जमले. ओळखदेख नसलेली माणसं, बायका, पोरं, डोक्यावर टोपल्या घेऊन. केळी, पाव, भाकऱ्या, भजी, जे घरात असेल ते. होड्यांतून ते जहाजांवर पोचवलं. तात्यांच्या हातात एक ज्वारीची भाकरी आली, फडक्यात बांधलेली, आत मिरचीचा खर्डा. कोकणातल्या माणसाला ज्वारीची सवय नाही. घाटावरच्या कुणातरी बाईची असणार, गिरणगावातली. ती त्यांनी आणि पल्याडच्यानं अर्धी अर्धी खाल्ली. "ते फडका मी खूप दीस ठेवला हुता," तात्या म्हणाले होते. "मग कुठं गेला काय म्हाइत."

इतक्या वर्षांत राजानं दिलेलं काहीही त्यांनी जपून ठेवलं नव्हतं. ते सगळं आजीनं ठेवलं. त्यांनी स्वतः ठेवलं ते हे फडकं, आणि नेमकं तेच हरवलं.

संपाबद्दल त्यांना शिक्षा झाली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर चौथ्या पदकानं दिलं. दोन्ही ताऱ्यांवर राजाची मुद्रा आणि वॉर मेडलवर राजाचं डोकं आहे. या चौथ्यावर अशोकचक्र आहे, आणि चक्राच्या वर, बघा काळ कसा असतो, मुकुट. मागे सारनाथचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी. आता तिचा केशरी रंग चहासारखा झालाय. भारतीय स्वातंत्र्य पदक. ते फक्त त्या दिवशी सेनादलांत असलेल्यांना मिळालं. म्हणजे फेब्रुवारीनंतर ज्यांना काढलं त्यांत तात्या नव्हते. १५ ऑगस्टला ते गणवेशात होते. निशाण बदललं तेव्हाही हजर.

त्या कार्यक्रमात राजाचा चेहरा दिसला. त्याच्या शेजारचं हे पदक कुणी उलटून बघितलं नाही.

फाळणीत माणसांबरोबर जहाजांचीही वाटणी झाली. सतलज, जमना, कृष्णा, कावेरी भारताकडे राहिल्या. गोदावरी आणि नर्बदा पाकिस्तानला गेल्या. आपली नदी गोदावरी तिकडे आणि पंजाबातली सतलज इकडे, हे आजही वाचताना विचित्र वाटतं. नर्बदाचं नाव पुढे झेलम झालं. खलाशांना विचारलं गेलं, कुठे राहणार. तात्या इकडे राहिले. पल्याडचा जहाजाबरोबर गेला.

का गेला, हे तात्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्याला कधी दूषणही दिलं नाही. तो गेल्याचा विषय निघाला तर एवढंच म्हणायचे, "जहाज सोडून कसा ऱ्हाईल तो." १९४९ मध्ये तात्यांनी आरमार सोडलं, वीस-बावीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढली, आणि मग गावी येऊन पागायला लागले. एकटे. पलीकडच्या काठावरचं चिऱ्याचं घर तेव्हापासून बंद. भरतीला पाणी त्याच्या पायरीपर्यंत येतं. संध्याकाळी तात्या बाकावर बसायचे तेव्हा तोंड त्या घराकडे असायचं आणि बिनकामाचा डावा कान आमच्याकडे.

कराचीत कोकणी मुसलमानांची बरीच वस्ती आहे, असं ऐकते. तिथल्या एखाद्या घरात, एखाद्या डब्यात, हेच दोन तारे असतील. तसाच तांबडा पट्टा, तशीच नारिंगी रेघ. मागे ठोकलेला नंबर आमच्या नंबरापेक्षा एकानं मोठा.

गेल्या खंडेनवमीला मी डोंबिवलीच्या घरात पाट मांडला. कोयती नाही, पहार नाही. विळी, शिवणाचं मशीन, मुलाचा लॅपटॉप. जुन्या पदकांना घासू नये, अक्षरं झिजतात, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. आजीच्या चिंचेनं तात्यांच्या नंबरातला शेवटचा आकडा जवळजवळ पुसत आणलाय. भिंग तिरपं धरलं तरच तो दिसतो. म्हणून मी तारे नुसते मऊ फडक्यानं पुसले आणि या वेळी पाटावर पालथे ठेवले, नंबर वर करून. झेंडू जरा बाजूला.